चेहरा दाखवण्याची अट आणि चेहरा झाकण्यावरची बंदी

जानेवारी २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षण मंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून, दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरखा घालण्यास परवानगी देऊ नये, अशी मागणी केली. भुसे मालेगाव बाह्य मतदारसंघाचे आमदार असल्यामुळे नाशिक जिल्ह्यात हा विषय अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या विषयावरचा वाद कुठेही सुरू झाला, तरी तो थोड्याच वेळात फ्रान्सवर जाऊन पोहोचतो. ‘फ्रान्सला जमते, मग आपल्याला का नाही,’ असे एक बाजू विचारते. ‘आज परीक्षा केंद्र, उद्या रस्ता,’ असे दुसरी बाजू बजावते. ओळख पटवण्यापुरता चेहरा दाखवायला लावणे आणि चेहरा झाकून घराबाहेर पडणेच बेकायदा ठरवणे, या दोन गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या असूनही या वादात त्या सर्रास एकच धरल्या जातात.

यातली पहिली गोष्ट, म्हणजे अट, भारतात केव्हाचीच रूढ आहे. पासपोर्ट आणि आधारच्या छायाचित्रात धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते, पण चेहरा स्पष्ट दिसावा लागतो. मतदार यादीत बुरखाधारी महिलांची छायाचित्रे छापण्याला आक्षेप घेणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली. मतदान केंद्रावर ओळख पटवण्यासाठी महिला कर्मचारी नेमण्याची पद्धतही जुनीच आहे. बँकेच्या दारावर ‘हेल्मेट व स्कार्फ काढून आत यावे’ अशी पाटी असते, तेव्हा तीही याच जातीची अट असते. तिचे कारण ठरलेले असते, जागा ठरलेली असते, ती क्षणापुरती असते आणि समोरच्याचा धर्म कोणता याच्याशी तिला कर्तव्य नसते. ओळख पटली की बाईने नकाब पुन्हा ओढून घेतला, तरी कोणाचेच काही बिघडत नाही.

बंदीचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. फ्रान्सने ११ ऑक्टोबर २०१० रोजी केलेला आणि ११ एप्रिल २०११ पासून लागू झालेला कायदा सार्वजनिक जागेत चेहरा झाकणारा कोणताही पोशाख घालण्यास मनाई करतो. रस्ता, बाग, दुकान, बस असे सारे त्यात येते. नियम मोडल्यास १५० युरोपर्यंत दंड होतो आणि त्याऐवजी किंवा त्यासोबत नागरिकत्वाचे वर्गही लावता येतात. इथे ‘तुम्ही कोण आहात’ असा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. ओळखपत्र दाखवून, क्षणभर नकाब वर करून त्या बाईची सुटका होत नाही, कारण कायद्याचा आक्षेप तिच्या अनोळखी असण्यावर नसून तिच्या झाकलेल्या चेहऱ्यावर आहे.

या कायद्याविरुद्ध एक तरुण फ्रेंच मुस्लिम महिला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली. १ जुलै २०१४ च्या त्या निकालाचा दाखला आपल्याकडे बरेच जण देतात, पण तिची भूमिका नेमकी काय होती हे फारसे कोणी सांगत नाही. बँकेत, विमानतळावर किंवा सुरक्षा तपासणीच्या वेळी नकाब कायम ठेवू द्यावा, अशी तिची मागणीच नव्हती. आवश्यक तेव्हा चेहरा दाखवायला आपण तयार आहोत, असे तिने स्पष्ट म्हटले होते. अट तिने आधीच मान्य केली होती आणि तिचे भांडण केवळ बंदीशी होते. फ्रेंच सरकारने मांडलेला सुरक्षेचा मुद्दा न्यायालयाने तपासला आणि तो पुरेसा नसल्याचे सांगितले: सार्वजनिक सुरक्षेला सर्वसाधारण धोका असल्याचे दाखवता आले तरच इतकी सरसकट बंदी प्रमाणात आहे असे म्हणता येईल, एरवी धोका किंवा फसवणुकीचा संशय असेल तिथे चेहरा दाखवायला लावले की काम भागते. स्त्री-पुरुष समानतेचा युक्तिवादही टिकला नाही, कारण ज्या आचाराचे समर्थन स्वतः स्त्रियाच करत आहेत, त्यावर समानतेच्या नावाने बंदी घालता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

तरीही कायदा वाचला. समाजात एकत्र राहण्यासाठी माणसांना एकमेकांचे चेहरे दिसणे गरजेचे आहे, असे एखाद्या राष्ट्राने ठरवले तर तो निर्णय त्याच्या अखत्यारीतला मानता येईल, या एकाच आधारावर पंधरा विरुद्ध दोन अशा बहुमताने तो वैध ठरला. हा आधार मला दुबळा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही २०१८ मध्ये फ्रान्समधील दोन महिलांच्या तक्रारींवर याच कायद्याच्या विरोधात मत दिले. तो आधार एखाद्याला पटला तरी हरकत नाही. मात्र फ्रान्सचे नाव घेऊन सुरक्षेचे कारण पुढे करणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे, की बंदी राखणाऱ्या न्यायालयानेच ते कारण अपुरे ठरवले होते.

इतर देशांकडे पाहिले, तर बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क यांनी साधारण फ्रान्सचीच वाट धरली. नेदरलँड्सचा २०१९ चा कायदा शाळा, रुग्णालये, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहतूक एवढ्यापुरताच असल्यामुळे तो अटीसारखा वाटतो, पण बसमध्ये बसलेल्या प्रवाशाची ओळख कोणी विचारत नसते, म्हणून मी त्याला आखूड केलेली बंदीच म्हणेन. स्वित्झर्लंडने २०२१ मध्ये ५१.२ टक्के मतांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०२५ पासून बंदी लागू केली. तिथे आरोग्य, हवामान आणि स्थानिक प्रथा अशा कारणांसाठी चेहरा झाकायला सूट आहे. आता कॉलेज रोडवरून एप्रिलच्या उन्हात स्कूटरवर निघालेली मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळते, आणि दूध बाजारातून चाललेल्या नकाबातल्या बाईचेही डोळेच दिसतात. दोघींचा चेहरा सारखाच झाकलेला असूनही स्विस नियम नाशिकला लावला, तर हवामानाच्या सवलतीत पहिली सुटेल आणि दुसरीला दंड होईल. म्हणजे कायद्याची भाषा कितीही धर्मनिरपेक्ष असली, तरी प्रत्यक्षात चेहरा का झाकला आहे हेच पाहिले जाते. बँकेच्या दारावरची पाटी मात्र दोघींनाही सारखीच लागू पडते.

भारतातला हिजाबचा वाद तर या दोहोंतही बसत नाही, कारण हिजाबमध्ये चेहरा उघडाच असतो. कर्नाटकातला २०२२ चा प्रश्न गणवेशाचा होता, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला मतभेद झाले. चेंबूरच्या महाविद्यालयाच्या प्रकरणात ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाबवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा घालता येणार नाही असेही बजावले.

परीक्षा केंद्राच्या मागणीत अट आणि बंदी यांची सरमिसळ झाली आहे. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरची विद्यार्थिनी एकच आहे ना, हे पाहण्याचा पर्यवेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. कानात यंत्र दडवले नाही ना, याची तपासणीही रास्तच आहे. ही दोन्ही कामे महिला कर्मचाऱ्याने वेगळ्या खोलीत केल्यानंतर, पेपरचे तीन तास कापड काढूनच बसावे असा आग्रह धरायचा असेल, तर त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल. उलट, तपासणीलाच धर्मावरचा घाला म्हणणाऱ्यांची बाजूही मला घेता येत नाही. त्या फ्रेंच महिलेनेसुद्धा ती घेतली नव्हती.

बंदीच्या बाजूचा खरा वजनदार मुद्दा सक्तीचा आहे. बापाच्या किंवा नवऱ्याच्या धाकाने नकाब घालणाऱ्या मुली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. फ्रान्सच्या त्याच कायद्यात दुसऱ्याला चेहरा झाकायला भाग पाडणाऱ्यासाठी एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड अशी वेगळी शिक्षा आहे, आणि मुलगी अल्पवयीन असेल तर ती दुप्पट होते. हे कलम दंडाच्या कलमाशिवायही उभे राहू शकते. दंडाचे कलम मात्र जिच्यावर सक्ती झाली तिच्याच हातात पावती ठेवते, आणि ती घरातून बाहेर पडायचीच बंद झाली तर कायद्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अटीचीही एक अडचण आहे, ती अंमलबजावणीची. निवडणूक नियमांतला ३४ वा नियम महिला मतदारांच्या मदतीसाठी केंद्राध्यक्षाला महिला सहायक नेमण्याची मुभा देतो, ते बंधनकारक करत नाही. जुन्या नाशकातल्या किंवा मालेगावातल्या एखाद्या केंद्रावर अशी कर्मचारी नसेल, तर पुरुष अधिकाऱ्यासमोर, मागे रांग उभी असताना नकाब वर करावा की मत न देता घरी जावे, एवढेच दोन पर्याय त्या बाईपुढे उरतात. तिथे अधिकाऱ्याने नियम मोडलेला नसतो आणि तिनेही ओळख द्यायला नकार दिलेला नसतो. तरीही तिचे मत पडत नाही. मुभा देणाऱ्या त्या नियमाच्या जागी बंधन घालणारा नियम आणायला नवा कायदा लागणार नाही, नियमात दुरुस्ती केली तरी पुरेल.