‘आउटरेजस!’ : मागे पडलेल्या एका कॅनडियन चित्रपटाची पार्श्वभूमी

ड्रॅग कलाकार, म्हणजे स्त्रीवेशात रंगमंचावर कार्यक्रम करणारा पुरुष, नायक असलेल्या विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की गाडी १९७८च्या एका गाजलेल्या फ्रेंच चित्रपटापाशी येऊन थांबते. त्याच्या वर्षभर आधी टोरांटोत तयार झालेल्या ‘आउटरेजस!’चं नाव सहसा कोणी घेत नाही. पावणेदोन लाख डॉलरांच्या आत उरकलेला हा चित्रपट दिसायलाही गरीबच आहे. पण त्यातली माणसं खरी वाटतात, आणि त्याला कारण आहे.

मूळ कथा १९७६च्या एका कथासंग्रहातली. लेखिकेने मनोरुग्णालय स्वतः अनुभवलेलं होतं, आणि चित्रपटाचा नायक क्रेग रसेल याच्याबरोबर ती टोरांटोत एकाच घरात राहिलेली होती. म्हणजे सलूनमध्ये लोकांचे केस करणारा, रात्री नट्यांच्या नकला करण्याची स्वप्नं पाहणारा रॉबिन आणि स्किझोफ्रेनियाशी झगडणारी त्याची मैत्रीण लायझा ही जोडी हवेतून आलेली नव्हती. पडद्यावर मात्र लायझाचं काम एका व्यावसायिक अभिनेत्रीने केलं आणि रॉबिन झाला खुद्द रसेल.

कॅनडात प्रौढांमधले समलिंगी संबंध १९६९ साली गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले, तरी कायदा बदलल्याने रस्ता बदलला नव्हता. हॅलोविनच्या रात्री टोरांटोच्या यंग स्ट्रीटवर ड्रॅगमधल्या कलाकारांना बघायला गर्दी जमायची आणि त्यांच्यावर अंडी फेकायची. चित्रपट आला त्याच वर्षाच्या अखेरीस समलिंगी चळवळीच्या तिथल्या वृत्तपत्राच्या कचेरीवर पोलिसांची धाड पडली. पुढे फेब्रुवारी १९८१मध्ये शहरातल्या, समलिंगी पुरुष जिथे जमत त्या बाथहाउसांवर एकाच रात्री छापे घालून सुमारे तीनशे जणांना पकडण्यात आलं. हे डोळ्यांसमोर ठेवलं की रॉबिनला नाव कमावण्यासाठी न्यूयॉर्क का गाठावं लागतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

खरी चर्चा व्हायला हवी ती बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या निर्णयाची. १९७८मध्ये तो महोत्सव पहिल्यांदाच उन्हाळा सोडून फेब्रुवारीत भरला. ज्यूरीच्या अध्यक्षपदी एक नामवंत रहस्यकथालेखिका होती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ‘रौप्य अस्वल’ हे बक्षीस रसेलला मिळालं. यावर हरकत घेता येते, आणि ती अगदीच पोकळ नाही. जो माणूस रोजच नकला करून पोट भरतो त्याने कॅमेऱ्यापुढे त्याच नकला केल्या, तर त्याला अभिनय म्हणायचं की चित्रित केलेला स्टेज शो? शिवाय पात्रही जवळपास त्याचंच.

पण ही हरकत घेणाऱ्याने रसेलचा आवाज ऐकलेला नसतो. त्या काळी क्लबमधले बहुतेक कलाकार रेकॉर्डवर ओठ हलवायचे. आजही टीव्हीवरच्या प्रसिद्ध ड्रॅग स्पर्धेत कोण राहणार आणि कोण जाणार हे लिप-सिंकवर ठरतं. रसेल स्वतः गायचा. हॉलिवूडच्या गाजलेल्या नट्यांपैकी मे वेस्टच्या शब्दाला बसणारा नाकातला हेल, जूडी गारलंडच्या चढत्या सुरातला कंप, स्ट्रायसँडचा लांबवलेला स्वर, सगळं त्याच्याच गळ्यातून निघायचं. मे वेस्टच्या चाहत्यांचा क्लब त्याने किशोरवयातच चालवला होता आणि लॉस एंजेलिसला काही काळ तो तिच्याकडे राहिलाही होता. ऐकून ऐकून घोटलेली ही विद्या आहे.

तरीही माझ्या मते बक्षीस या नकलांना नाही, नकला संपल्यावरच्या रॉबिनला मिळालं असावं. खरं तर उत्तरार्धातले न्यूयॉर्कचे प्रवेश मला थोडे कंटाळवाणे वाटतात. एकामागून एक आयटम आणि यश फारच पटकन हाती येतं. चित्रपट सावरतो तो लायझा परतते तेव्हा. तिचं बाळ मृत जन्मलेलं आहे, आपण आतून मेलो आहोत असं तिने धरून ठेवलंय. रॉबिन तिला बरी होशील असं खोटं आश्वासन देत नाही. तू जिवंत आहेस, आजारी आहेस आणि न्यूयॉर्कमध्ये राहतेस, इथल्या लाखो लोकांसारखी, असं काहीसं तो सुनावतो. तिथे कोणाचीही नक्कल नाही. प्रेक्षक हसतो आणि त्याच वाक्याला त्याचा घसाही दाटतो. हा अभिनय नसेल तर ज्यूरीने शोधायचं तरी काय?

दहा वर्षांनी, १९८७मध्ये, त्याच दिग्दर्शकाने तीच जोडी घेऊन दुसरा भाग काढला. तो चालला नाही. तोवर एड्सने या वर्तुळातली कितीतरी माणसं नेली होती. रसेल १९९०मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, एड्समुळे उद्भवलेल्या पक्षाघाताने गेला; दिग्दर्शकही त्याच वर्षी. पुढे टोरांटोच्या रंगभूमीवर याच गोष्टीचं संगीत नाटक झालं. त्यातल्या रॉबिनला नट्यांच्या नकला तर करायच्या होत्याच, वर रसेलशी होणारी तुलनाही सोसायची होती.