पाऊण हवेतली शर्यत

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब 1,013 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, इथे तो 780 वर येतो. 30 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर 2026 या तीन दिवसांत एर्मानोस रोद्रिगेस सर्किटवर उतरणाऱ्या फॉर्म्युला वनच्या गाड्यांना थोडक्यात पाऊणच हवा मिळणार. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात गुणतक्त्याची आकडेमोड जोरात असते आणि नेमकी तेव्हाच ही शर्यत येते. इतर सर्किटांवरून बांधलेले अंदाज इथे फारसे चालत नाहीत.

हवा विरळ म्हणजे अडथळा कमी. हे सायकलवाल्यांना फार आधी कळलं होतं. बेल्जियमचा एडी मर्क्स 1972 च्या ऑक्टोबरात मुद्दाम याच शहरात आला आणि त्याने तासाभरात 49.431 किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. मोटारींनाही हा फायदा मिळतोच. 2016 च्या शर्यतीत व्हाल्टेरी बोटासची विल्यम्स संघाची गाडी इथल्या मोठ्या सरळ पट्ट्यावर ताशी 372.5 किलोमीटरपर्यंत पोहोचली होती.

पण फॉर्म्युला वनच्या गाडीला हवा नुसती अडवत नाही, ती गाडीला रस्त्यावर दाबूनही धरते. पुढचे-मागचे विंग आणि गाडीचा तळ मिळून हा डाउनफोर्स तयार करतात. त्याचं गणित सोपं आहे: तो हवेच्या घनतेच्या पटीत बदलतो आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. घनता पाऊणपट झाली की डाउनफोर्सही पाऊणपट. समुद्रकाठच्या सर्किटवर ताशी 200 किलोमीटर वेगाला जेवढा दाब मिळतो, तेवढा इथे मिळायला गाडी ताशी 230 च्या घरात हवी. आता त्याच वळणात 30 ने जास्त वेग कुणी घेऊ शकत नाही, त्यामुळे उलट हळू जावं लागतं. म्हणून संघ इथे वळणावळणाच्या, संथ मोनॅकोला लावतात तसे मोठे, उभे विंग लावतात आणि पदरात पडतो लहान विंगवर धावणाऱ्या वेगवान मोंझासारखा तुटपुंजा डाउनफोर्स. गाडी घसरते, घसरली की टायरचा पृष्ठभाग तापतो आणि तापलेला टायर आणखी घसरतो. स्टेडियममधून जाणाऱ्या भागात तर वेग इतका उतरतो की विंगचा उपयोग नावापुरताच. तिथे सगळी भिस्त टायरवर आणि चालकाच्या उजव्या पायावर.

ब्रेकची गोष्ट याहून बिकट. सुमारे 800 किलोची गाडी ताशी 350 वरून पहिल्या वळणासाठी 110 वर आणायची म्हणजे साधारण 34 लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत काढून घ्यायची. एवढ्या ऊर्जेत नळाचं दहा लिटर पाणी उकळेल. एरवी यातला बराच वाटा समोरची हवाच उचलते, कारण भन्नाट वेगात चालकाने पाय उचलताच हवेचा रेटा गाडी मागे ओढू लागतो. इथे तोही रेटा पाऊणच, त्यामुळे ब्रेकवरचा भार वाढतो. कार्बनच्या चकत्या हजार अंशांपर्यंत तापतात आणि त्यांना थंड करायला पुन्हा तीच विरळ हवा. हवेच्या वाटा रुंद करता येतात आणि इंजिनावरच्या आवरणाला जास्त झरोके ठेवता येतात. या मोठ्या तोंडांमुळे वाढणारा अडथळा इथे तसा स्वस्त पडतो, पण आधीच अपुऱ्या असलेल्या डाउनफोर्सला धक्का लागतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहिलं की तिची गरम, विस्कटलेली हवा तोंडावर येते. मग दोन-चार फेऱ्यांनी रेडिओवरून सूचना येते: अंतर ठेव, पाय लवकर उचल. लांबच लांब सरळ पट्टा असूनही इथे ओव्हरटेकिंग वाटतं तितकं सोपं नसतं, ते यामुळे. शिवाय हवेचा अडथळाच कमी असल्यामुळे स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीच्या आडोशाला, वाचण्यासारखंही कमी उरतं.

आता इंजिन. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. ते नसलेलं इंजिन इथे सरळसरळ पाव ताकद गमावून बसतं. जुन्या काळात कार्ब्युरेटर किंवा इंधनपंपाचं मिश्रण या उंचीला जुळवणं हीच अर्धी शर्यत असायची. 1965 साली होंडाने फॉर्म्युला वनमधला आपला पहिला विजय रिची गिंथरच्या हातून मिळवला, तो इथेच. आजच्या 1.6 लिटरच्या व्ही-6 इंजिनाला टर्बो आहे. बाहेरची हवा कमी असेल तर टर्बो अधिक वेगाने फिरून ती दाबून भरतो. समजा इंजिनाला चार बार दाबाची हवा हवी आहे. समुद्रकाठी टर्बोला ती चौपट दाबावी लागेल, इथे पाचपटीहून थोडी जास्त. इंधनाच्या प्रवाहावर नियमांची मर्यादा असल्यामुळे टर्बोने हवा पुरवली की ताकद फारशी घटत नाही. प्रश्न फक्त कुणाच्या टर्बोत किती दम शिल्लक आहे, एवढाच. 2018 मध्ये रेनॉ इंजिनावर धावणाऱ्या रेड बुल संघाची इतर ठिकाणी ताकदीत दमछाक व्हायची. इथे मात्र डॅनियल रिकार्डो आणि मॅक्स व्हर्स्टापेन पहिल्या ओळीत उभे राहिले आणि शर्यत व्हर्स्टापेनने जिंकली. चांगल्या चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, साथ मिळाली होती ती प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांचीही आघाडी खाणाऱ्या विरळ हवेची.

यंदा उत्सुकता आहे ती इथेच. 2025 पर्यंत टर्बोच्या दांड्यावर एक विजेची मोटर बसवलेली असायची, एमजीयू-एच नावाची. एक्झॉस्टचा जोर यायच्या आत ती टर्बोला फिरवून ठेवायची. 2026 च्या नियमांनी ती काढून टाकली. आता टर्बो फिरणार तो निव्वळ एक्झॉस्टवर, आणि उंचीवर त्याला जास्त वेगाने फिरायचंय. हळू वळणातून बाहेर पडताना पाय दाबल्यावर ताकद यायला उशीर लागला, तर तो इथे सगळ्यात आधी उघडा पडेल. बाहेरचा दाब कमी असल्याने एक्झॉस्टला निसटायला वाव जास्त मिळतो आणि टर्बोतल्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाला, टर्बाइनला, थोडी मदत होते, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही.

याच नियमांनी दुसरीकडे मोठं दान टाकलंय. मागच्या चाकांना जोडलेली विजेची मोटर आता 350 किलोवॅटची आहे, आधीच्या जवळजवळ तिप्पट. तिला श्वास लागत नाही. मोनॅको असो वा मेक्सिको, ती तेवढाच जोर देते. गाडीच्या ताकदीचा जवळपास अर्धा हिस्सा विजेचा झाल्यामुळे इंजिनाचा आळस पहिल्या क्षणी बॅटरीने झाकता येईल. फक्त झाकायला खर्चलेली वीज पुढच्या सरळ पट्ट्यावर कमी पडणार. तिथे विरळ हवा पुन्हा मदतीला येते. भरधाव गाडीची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवाच पाऊण असेल तर तोच वेग राखायला वीज कमी लागते आणि बॅटरी जरा लांबवर पुरते. सरळ पट्ट्यावर आडवे होणारे नवे हलते विंग मात्र इथे कमी कमाल दाखवतील, कारण मुळात वाचवायचा अडथळाच थोडा आहे.

शुक्रवारच्या सरावात फेरीच्या वेळेपेक्षा मी स्टेडियममधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकेन. पाय दाबल्यापासून इंजिन खऱ्या अर्थाने जागं होईपर्यंतची फट कुठल्या संघाची लहान आहे, ते तिथे कळेल. त्या वळणांनंतर लगेच मोठा सरळ पट्टा लागतो, आणि तिथे हरवलेला वेग थेट पहिल्या वळणाच्या ब्रेकिंगपर्यंत भरून निघत नाही.