सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण आणि त्यावर हुकमत चालवणारी विकरे

चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन शेजारच्या पेशीला संदेश देऊन झाल्यावरही दोन पेशींमधल्या फटीत साचून राहिले, तर पुढचा संदेश मागच्यातच मिसळून जाईल. त्यामुळे ते सोडणारी पेशीच त्याचा बराचसा भाग परत आत ओढून घेते. अशा पुनर्ग्रहणाचा शोध ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या अभ्यासातून लावला आणि १९७०च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

सेरोटोनिन आत आणणारे वाहक प्रथिन ६३० अमिनो आम्लांचे असते आणि पेशीपटलातून ते बारा वेळा आरपार जाते. बाहेर सोडियम जास्त व आत कमी, या तफावतीच्या जोरावर ते चालते. फ्लुऑक्सेटिनसारखी नैराश्यावरील औषधे नेमके यालाच अडवतात, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. खरी गंमत मात्र पुढे आहे, कारण पेशीच्या पृष्ठभागावर असे वाहक किती असावेत आणि त्यांनी किती वेगाने काम करावे, हे पेशी सतत बदलत असते.

हा बदल घडवणारी विकरे (एन्झाइम) म्हणजे कायनेज. ती प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. 'प्रोटीन कायनेज सी' सक्रिय झाले, की वाहकावर फॉस्फेट चढते, बरेचसे वाहक पृष्ठभागावरून पेशीच्या आत खेचले जातात आणि पुनर्ग्रहण मंदावते. याउलट 'प्रोटीन कायनेज जी' आणि 'पी-३८' या कायनेजांमुळे ते वाढते. चढलेले फॉस्फेट काढून टाकायला फॉस्फटेज विकरे असतातच.

राममूर्ती आणि ब्लेकली या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दाखवून दिले, की वाहकातून सेरोटोनिनची ने-आण चालू असेल, तर 'कायनेज सी'मुळे चढणारे फॉस्फेट आणि वाहकांची माघार, दोन्ही कमी होतात. म्हणजे काम असलेला वाहक जागेवर टिकतो. नैराश्यावरील औषधे किंवा कोकेन यांनी सेरोटोनिनची वाट अडवली, की हे संरक्षण नाहीसे होते. तेव्हा ही औषधे केवळ 'दार बंद करतात' असे म्हणणे मला अपुरे वाटते.

या वाहकातील ५६व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ॲलनिन असलेला एक दुर्मिळ प्रकार स्वमग्नता असलेल्या काही कुटुंबांत आढळला आहे. त्यावर फॉस्फेट मुळातच जास्त असते, आणि हाच बदल केलेल्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन नेहमीपेक्षा लवकर उचलले जाते. अशा ठिकाणी वाहकाऐवजी कायनेजलाच आवर घालण्याची कल्पना आकर्षक आहे. अडचण एवढीच, की हीच कायनेज शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत इतर असंख्य कामांना जुंपलेली असतात.