पूर्व जर्मनी: मान्यतेसाठीची चोवीस वर्षं

फेब्रुवारी १९६२ मध्ये फ्रान्समधल्या शामोनी इथे स्कीइंगची जागतिक स्पर्धा होती. पूर्व जर्मनीच्या खेळाडूंना फ्रान्सने व्हिसाच दिला नाही. पुढच्या महिन्यात अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आइस हॉकीची जागतिक स्पर्धा भरली, तिथेही हेच घडलं. निषेध म्हणून सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकियाने आपले संघ पाठवले नाहीत. नाटो देशांच्या लेखी पूर्व जर्मनी नावाचा देश अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे त्याच्या पासपोर्टला किंमत नव्हती. तिथल्या माणसाला या देशांत जायचं तर आधी पश्चिम बर्लिनमधल्या मित्रराष्ट्रांच्या प्रवास कार्यालयातून तात्पुरता परवाना मिळवावा लागे. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर या परवान्यांवर कडक निर्बंध आले होते.

हा देश स्थापन झाला ७ ऑक्टोबर १९४९ रोजी, सोव्हिएत फौजांच्या ताब्यातल्या भागात. अधिकृत नाव जर्मन लोकशाही प्रजासत्ताक. सोव्हिएत गटाने त्याला लगेच मान्यता दिली, बाकी जगाने पाठ फिरवली. खुल्या निवडणुका होऊन सरकार फक्त आपल्याकडे आलं आहे, तेव्हा सगळ्या जर्मनांच्या वतीने बोलण्याचा हक्क आपलाच, अशी पश्चिम जर्मनीची भूमिका होती. १९५५ मध्ये तिला धोरणाचं रूप आलं. परराष्ट्र खात्याचे सचिव वॉल्टर हाल्श्टाइन यांच्या नावाने ते ओळखलं जातं. जो देश पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्याच्याशी बॉन, म्हणजे पश्चिम जर्मनीची राजधानी, संबंध तोडेल, असा त्याचा रोख होता. १९५७ मध्ये युगोस्लाव्हियाशी आणि १९६३ मध्ये क्युबाशी बॉनने खरोखरच संबंध तोडले.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना ही धमकी फार जड जायची, कारण मदतीचा पैसा बॉनकडे होता. भारताचंच पाहा. राउरकेलाचा पोलाद कारखाना पश्चिम जर्मन कंपन्यांच्या साहाय्याने उभा राहत होता. दिल्लीने पूर्व जर्मनीशी १९५४ मध्ये व्यापार करार केला, पण वकिलात उघडू दिली नाही. व्यापार मात्र वाढला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन इथली ओर्वो फिल्म वापरली जायची, म्हणजे मान्यता नसलेल्या देशाचा माल आपल्या स्टुडिओंत रोज हाताळला जात होता. भारताने पूर्ण मान्यता दिली ती ऑक्टोबर १९७२ मध्ये.

पूर्व बर्लिनने, म्हणजे पूर्व जर्मनीच्या सरकारने, मग दारं शोधली. लाइपझिगची व्यापारी जत्रा हे त्यातलं मोठं दार होतं. परदेशी मंत्री आणि व्यापारी तिथे मालाच्या निमित्ताने यायचे आणि त्यांचं स्वागत राजकीय पाहुण्यांसारखं व्हायचं. १९६४ मध्ये क्रांतीनंतरच्या झांझिबार या पूर्व आफ्रिकेतल्या बेटाने मान्यता दिली. त्या बदल्यात पूर्व जर्मनीने तिथे घरबांधणीचा कार्यक्रम हाती घेतला. पण काही महिन्यांतच झांझिबार शेजारच्या टांगानिकाशी एक होऊन टांझानिया झाला आणि ती वकिलात हातची गेली. सिलोनने त्याच वर्षी महावाणिज्य दूतावासाला परवानगी दिली, तर बॉनने त्याची मदत थांबवली.

खरं खिंडार पडलं ते कैरोत. पश्चिम जर्मनी इस्रायलला गुपचूप शस्त्रं देत असल्याचं उघड झालं आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी पूर्व जर्मनीचे प्रमुख वॉल्टर उल्ब्रिश्त यांना बोलावलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये उल्ब्रिश्त जहाजाने अलेक्झांड्रियाला उतरले. स्वागत राष्ट्रप्रमुखाचं झालं, मान्यता मात्र मिळाली नाही. बॉनने उत्तर म्हणून इस्रायलशी राजनैतिक संबंध जोडले, तेव्हा दहा अरब देशांनी बॉनशीच संबंध तोडले. शिक्षेचं हत्यार उलटलं होतं. १९६९ मध्ये इराक, कंबोडिया, सुदान, सीरिया, दक्षिण येमेन आणि इजिप्त या देशांनी एकामागोमाग एक मान्यता दिली.

खेळाच्या मैदानावर वेगळीच लढाई चालू होती. १९५६ ते १९६४ या ऑलिंपिकमध्ये दोन्ही जर्मनींचा एकच संघ उतरायचा. त्यात जागा मिळवण्यासाठी पूर्व आणि पश्चिमेच्या खेळाडूंना आधी आपसात भिडावं लागे. झेंडा काळा-लाल-सोनेरी, १९६० पासून मधे ऑलिंपिकची पाच कडी. पूर्वेने १९५९ मध्ये आपल्या झेंड्यावर हातोडा आणि कंपास आणला, तेव्हा पश्चिमेत त्याला 'फुटीचा झेंडा' म्हणत आणि पोलीस तो उतरवायला लावत. १९६८ मध्ये संघ वेगळे झाले, तरी झेंडा तोच राहिला आणि राष्ट्रगीताऐवजी बीथोव्हेनचं संगीत वाजलं. १९७२ मध्ये म्युनिकला, म्हणजे पश्चिम जर्मनीच्याच घरात, पूर्व जर्मनी प्रथमच स्वतःच्या झेंड्याखाली उन्हाळी ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २० सुवर्णपदकं घेऊन गेला. यजमानांना १३ मिळाली.

या पदकांचं कौतुक करताना माझा हात थबकतो. १९७४ मध्ये सरकारने उत्तेजकांचा गुप्त कार्यक्रम पद्धतशीर आखला. अल्पवयीन मुलींनाही जीवनसत्त्वाच्या म्हणून निळ्या गोळ्या दिल्या गेल्या. देशाची पत वाढवायची म्हणून त्या मुलींची शरीरं वापरली गेली. तो गुन्हाच होता, आणि पूर्व जर्मनीचा इतिहास सांगताना तो तळटीपेत ढकलणं मला मान्य नाही.

बॉनमध्ये १९६९ मध्ये विली ब्रांट चॅन्सेलर झाले आणि जर्मनीत दोन राज्यं आहेत हे त्यांनी बोलून दाखवलं. २१ डिसेंबर १९७२ रोजी दोन्ही जर्मनींत मूलभूत करार झाला. त्यानंतर मान्यतांची रांगच लागली. १८ सप्टेंबर १९७३ रोजी दोन्ही जर्मनी एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांत आल्या. पूर्व जर्मनी १३३ वा सदस्य, पश्चिम जर्मनी १३४ वा. पुढच्या वर्षी अमेरिकेनेही राजनैतिक संबंध जोडले.

१९७५ मध्ये हेलसिंकीला युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्यावर परिषद झाली. तिथे पूर्व जर्मनीचे नेते एरिक होनेकर यांची खुर्ची पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मूट श्मिट आणि अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या मधे होती. जे हवं होतं ते मिळालं. पण मिळालेल्या प्रतिष्ठेसोबत एक मजकूरही सहीनिशी घरी आला: कुटुंबांची भेट, प्रवास, मानवी हक्क. पक्षाचं मुखपत्र 'नॉयेस डॉइचलांट'ने तो पूर्ण छापला. लोकांनी तो नीट वाचला. १९७६ मध्ये रीझा या पोलाद कारखान्याच्या गावात एका डॉक्टरने पुढाकार घेऊन देश सोडण्याच्या हक्कासाठी सामूहिक अर्ज केला आणि त्यात हेलसिंकीचा दाखला दिला. डॉक्टरला अटक झाली. ज्या सरकारने चोवीस वर्षं जगाकडे मान्यता मागितली, त्याने ती आपल्या नागरिकांकडे खुल्या निवडणुकीत कधी मागितलीच नव्हती.

सप्टेंबर १९८७ मध्ये होनेकर बॉनला गेले. तिथे पूर्व जर्मनीचा झेंडा फडकला, राष्ट्रगीत वाजलं. त्याच महिन्यात पूर्व जर्मनीचे पेटर फ्लोरिन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. इकडे देश सोडण्यासाठी अर्ज करणाऱ्यांची नोकरी जात होती, तरी पुढच्या दोन वर्षांत प्रलंबित अर्जांचा आकडा लाखाच्या वर गेला. ११ सप्टेंबर १९८९ रोजी हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा पूर्व जर्मनांसाठी उघडली. त्यांना अडवण्याचं बंधन घालणारा, पूर्व बर्लिनशी १९६९ मध्ये केलेला करार हंगेरीने बाजूला ठेवला आणि कारण दिलं ते आंतरराष्ट्रीय बांधिलकीचं.