दुपारची पेंग, रविवारची डोकेदुखी आणि रात्रीची भूक
आमचा डबा घेणाऱ्या नोकरदारांसाठी माहितीपत्रक

थकवा आला की एक चहा, दोन बिस्किटं आणि पुन्हा लॅपटॉप. हा उपाय सगळेच करतात आणि तो अर्धा तास टिकतोही. पण थकवा रोज कोणत्या वेळी येतो याकडे आठवडाभर नीट लक्ष दिलं, तर तो कशामुळे येतो हेही बऱ्याचदा सापडतं. त्यातला काही थकवा डब्याने जातो, काही जात नाही. जो जात नाही तो जाईल असं सांगून आम्हाला डबे विकायचे नाहीत, म्हणून दोन्ही बाजू इथे दिल्या आहेत.

'बर्नआउट' हा शब्द हल्ली कोणत्याही कंटाळ्याला लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नेमकी व्याख्या केली: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवाक्यात न आल्याने होणारी अवस्था. संघटनेने तिला आजारांत धरलेलं नाही. खुणा तीन आहेत. अंगातलं त्राण संपतं, कामावरून मन उडतं किंवा त्याबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. अडचण अशी, की रोज पाच तास झोपणाऱ्या, दुपारचं जेवण टाळणाऱ्या किंवा रक्त कमी असलेल्या माणसालाही साधारण असंच वाटतं. म्हणून आधी शरीराची बाजू तपासावी. राजीनाम्याचा मसुदा त्यानंतर लिहावा.

दुपारी दोनची पेंग

दुपारी एक ते तीनच्या सुमारास सुस्ती येणं हा शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे. जेवला नाहीत तरी ती थोडीफार येतेच, त्यामुळे 'पेंग येते म्हणून जेवत नाही' या युक्तीचा उपयोग नाही. उलट संध्याकाळी पाचला डोकं चढतं आणि टपरीवर वडापाव हाक मारतो. ही सुस्ती वाढते ती दोन कारणांनी: जेवण एकदम भरपूर होणं आणि त्यात बहुतेक भात, पोळी, बटाटाच असणं.

डबा उघडल्यावर खाण्याचा क्रम बदलून पाहा. आधी कोशिंबीर आणि अर्धी उसळ, मग पोळी-भाजी, भात शेवटी. भाजी आणि कडधान्य आधी पोटात गेलं की नंतरच्या पिठूळ पदार्थांमुळे रक्तातली साखर कमी वेगाने चढते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. स्क्रीनसमोर सात मिनिटांत डबा संपवला तर तो निरोप येण्याआधीच भातही संपलेला असतो. जेवणानंतर दहा मिनिटं चालून या. जिना असेल तर एक-दोन मजले पुरतात.

तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी: भरतं, पण पुरत नाही

आमच्याकडे सर्वात जास्त मागणी याच जोडीला आहे, त्यामुळे हिशेब मांडणं भाग आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून जेमतेम ३ ग्रॅम मिळतात. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि मूदभर भात धरून दुपारचे १२-१३ ग्रॅम होतात. सकाळी बशीभर कांदेपोहे ४ ग्रॅम, रात्री दोन पोळ्या आणि पातळ वरण ११-१२ ग्रॅम. दिवसाअखेर आकडा तिशीच्या आतच अडकतो.

हे भरून काढायला पावडरीचे डबे आणायची गरज नाही. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ ७ ग्रॅम देते. मूठभर शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, तेवढेच. एक अंडं ६, शंभर ग्रॅम दही ३ ते ४, पन्नास ग्रॅम पनीर ९ च्या आसपास. सोयावडी सर्वात स्वस्त पडते: ३० ग्रॅम कोरडी वडी सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं देते, फक्त ती गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळली नाही तर तिचा उग्र वास भाजीभर पसरतो. पोह्यांत शेंगदाणे वाढवणं आणि सोबत दही घेणं हा सर्वात सोपा फेरफार.

उसळीने गॅस होतो म्हणून तिला नाही म्हणणारे बरेच असतात. कारण बहुतेक वेळा घाईत असतं. कडधान्य आठ ते बारा तास भिजवून, ते पाणी टाकून, पुरते मोड आणून, बोटाने सहज चिरडेल इतकं शिजवलं की त्रास कमी होतो. मूग आणि मटकी हलकी, हरभरा आणि वाटाणा जड. सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धीच वाटी घ्या.

उपासाच्या दिवशी गणित आणखी बिघडतं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीत प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून, आणि कूटच हात आखडून घातलं जातं. एकादशीच्या दुपारी ऑफिसात माणसं पेंगतात ती उपाशी असल्यामुळे नाही. भगर, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही हा बेत कितीतरी बरा.

चहा: किती, कधी, आणि रविवारी डोकं का दुखतं

दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टर कॉफीत ८० ते १२०. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. मशीनमधले सहा कप आणि घरचे दोन अशी बेरीज ही मर्यादा ओलांडू शकते. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात; काहींना जास्त. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. झोप लागते, पण उथळ. सकाळी उठल्यावर जड वाटतं, म्हणून पुन्हा कडक चहा, आणि चक्र चालू राहतं. शेवटचा कप दुपारी साडेतीनच्या आत घ्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकत असेल, तर आधी ऑफिसचे चुकलेले चहा मोजा. नेहमीचं कॅफिन थांबल्यावर बारा ते चोवीस तासांत असं दुखू शकतं. कमी करायचं तर एकदम बंद करू नका. दर तीन-चार दिवसांनी एक कप उतरवा.

दुसरी गोष्ट जेवणावरच्या चहाची. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह बांधून ठेवतात. जेवणाआधी आणि नंतर एक-एक तास चहा-कॉफी नको. आमच्या डब्यात लिंबाची फोड असते ती शोभेला नाही. उसळीवर किंवा पालेभाजीवर ती पिळली की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप, फिकट नखं, सतत मरगळ यांना 'कामाचा ताण' हे नाव देऊन टाकण्याआधी हिमोग्लोबिन बघा. स्त्रियांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली आलं, तर ते कमी धरतात. ते फक्त आहाराने लवकर वर येत नाही. गोळ्या लागतील का, हे डॉक्टर ठरवतील.

रात्री दहाची भूक

रात्री घरी पोचल्यावर फरसाणाचा डबा हातात घेऊन उभ्यानेच खाल्लं जातं, याचा दोष बहुतेक जण स्वतःच्या मनोनिग्रहाला देतात. आम्ही तो दुपारच्या जेवणाला देऊ. दिवसभर कमी पडलेलं शरीर रात्री वसूल करतं, आणि झोप कमी असेल तर भूक आणखी खवळते. संध्याकाळी पाच-साडेपाचला काहीतरी नेमकं खाऊन बघा: मूठभर फुटाणे आणि एक केळं, उकडलेलं अंडं, किंवा नाचणीचं आंबील. रात्रीचा हल्ला निम्म्यावर येतो का ते चार दिवसांत कळेल. पोट भरलेलं असूनही फक्त चकलीच हवीशी वाटत असेल, तर ती भूक पोटाची नसते. दिवस कसा गेला हे तेव्हा बघावं.

पाण्याचंही इथेच सांगून टाकतो. एसीत तहान जाणवत नाही. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंगावर जाऊ नका, तिच्यामुळे तो तसाच भडक पिवळा होतो. ताक चांगलं, पण मीठ बेताने: दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि पापड-लोणचं त्यातच आलं.

रात्रपाळीवाल्यांसाठी

मुख्य जेवण पाळी सुरू होण्याआधी, सात-आठच्या सुमारास. रात्री बारा ते सहा शरीर साखर नीट हाताळत नाही आणि पचनही मंदावतं, म्हणून त्या वेळात बिर्याणी नको. एका पोळीत अंड्याची भुर्जी किंवा कोरडी उसळ गुंडाळून, एवढं पुरे. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. सकाळी घरी आल्यावर अगदी रिकाम्या पोटी झोपू नका, नाहीतर भूक अकरालाच उठवते. वाटीभर मऊ भात-मेतकूट किंवा उपमा चालेल.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डब्याची वाट बघत थांबू नये. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं ही साखर घसरल्याची लक्षणं असतात. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. आम्हाला आधी कळवलंत तर तुमचा डबा फेरीत पहिला निघतो.

सात दिवसांची नोंद

डब्यासोबत दिलेल्या कार्डावर चारच गोष्टी लिहा: कधी खाल्लं, काय खाल्लं, दोन तासांनी कसं वाटलं, रात्री किती झोप झाली. सुट्टीचे दिवस वगळू नका, खरी माहिती तिथेच मिळते. खाणं आणि झोप सुधारूनही दोन आठवड्यांत फरक नाही आणि सुट्टीतही तितकीच मरगळ, तर डॉक्टरांकडे जा. रक्तगणना, बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर यांपासून तपासणीची सुरुवात होते. शाकाहारी लोकांत आणि बराच काळ मेटफॉर्मिन (मधुमेहावरची गोळी) घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. शनिवारी अंग हलकं आणि रविवारी संध्याकाळपासून छातीवर दगड, असं दिसलं तर बहुधा कारण कामात आहे. तिथे उसळीची वाटी वाढवून काही होणार नाही. कामाचे तास, सुट्टी, वरिष्ठांशी बोलणं हाच रस्ता. मन उदास राहत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं.

डबा उशिरा खाणार असाल तर

झाकण उघडल्यापासून किंवा अन्न कोमट झाल्यापासून दोन तासांत खा. मीटिंग लांबणार असेल तर भात आणि उसळ फ्रिजमध्ये ठेवा. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात जंतू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून नष्ट होत नाही, त्यामुळे दुपारचा बाहेर राहिलेला भात रात्री फोडणी देऊनही खाऊ नये. पोळ्या आणि कोरडी चटणी संध्याकाळपर्यंत राहतात.

बटाट्याऐवजी उसळ, तिसऱ्या पोळीऐवजी दही किंवा अंडं, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी: हे बदल त्याच दरात करून मिळतात. आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत कळवा, कारण त्यानंतर वाढीव वाटी निघत नाही.