शिकाऊ मोटारसायकलस्वारांवरील वेगमर्यादा

शिकाऊ किंवा नुकताच परवाना मिळालेल्या दुचाकीस्वाराने रस्त्यावरील सर्वसाधारण मर्यादेपेक्षा कमी वेगाने वाहन चालवावे, किंवा ज्या वाहनाचा वेग मुळातच मर्यादित आहे असेच वाहन चालवावे, असे बंधन घालणारे नियम. या नियमांचे दोन प्रकार आहेत. पहिला स्वाराला बांधतो : रस्ता कोणताही असो, शिकाऊ चालकाने ठराविक वेगापुढे जायचे नाही. दुसरा यंत्राला बांधतो : एंजिनाचे आकारमान, शक्ती, शक्ती-वजन गुणोत्तर किंवा रचनात्मक कमाल वेग यांवर मर्यादा येते. रस्त्यावरील चर्चेत हे दोन्ही प्रकार एकच समजले जातात. परिणामांच्या दृष्टीने ते फार वेगळे आहेत.

उगम : पहिला नियम कोणता, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटारकार कायद्याने मोटारसायकलसाठी किमान वय १४ व मोटारीसाठी १७ ठरवले. पण ती वयाची अट होती. वेगाची २० मैलांची मर्यादा सर्वांना सारखीच होती. १९३५ साली तेथे चालक-चाचणी सक्तीची झाली आणि शिकाऊ चालकाच्या वाहनावर 'एल' पाटी आली. या पाटीमुळे शिकाऊ चालक ओळखू येऊ लागला, मात्र त्याचा वेग बांधला गेला नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये शिकाऊ स्वारांना २५० घ. सेंमी. (सीसी) पर्यंतच्या मोटारसायकलींपुरते मर्यादित करण्यात आले. यंत्र बांधण्याच्या परंपरेची सुरुवात येथून धरणे सोयीचे आहे. स्वाराला बांधणारी परंपरा साधारण त्याच दशकात उत्तर आयर्लंडमध्ये (ताशी ४५ मैल) आणि ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत दिसते. त्यांपैकी अगोदर कोण, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. दोन्ही ठिकाणी मूळ रोख नवशिक्या मोटारचालकांवर होता आणि दुचाकी त्या नियमांत ओघाने आल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दुचाकीचा स्वतंत्र विचार न झाल्याच्या खुणा या नियमांत आजही आढळतात.

मोपेडचा धडा : यंत्र बांधताना नेमके काय बांधायचे, हा प्रश्न ब्रिटन व पश्चिम जर्मनी या दोन देशांच्या अनुभवातून स्पष्ट झाला. १९७१ च्या अखेरीस ब्रिटनने सोळा वर्षांच्या मुलांना ५० घ. सेंमी. पर्यंतच्या आणि पायटे (पेडल) असलेल्या मोपेडपुरते मर्यादित केले. कायद्यात आकारमान होते, पायटे होते, पण कमाल वेग नव्हता. उत्पादकांनी लगेच खऱ्या मोटारसायकलीसारख्या दिसणाऱ्या, गिअरच्या, दोन-धावी (टू-स्ट्रोक) एंजिनाच्या मोपेड बाजारात आणल्या. यामाहाची एफएस१-ई ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तिचा एक पायटा फिरवून दोन्ही पुढे आणले की ते पाय ठेवायचे दांडे होत. कायद्याची अट पुरी होई आणि गाडी ताशी सुमारे ७० किमी. धावे. १ ऑगस्ट १९७७ पासून नव्या मोपेडची व्याख्याच बदलली : पायट्यांची अट गेली आणि रचनात्मक कमाल वेग ताशी ३० मैल (४८ किमी.) ठरला.

जर्मनीत ५० घ. सेंमी. च्या क्रायडलर, झुंडाप यांसारख्या गाड्या ताशी ८० किमी. च्या पुढे जात. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी ८० घ. सेंमी. आणि ताशी ८० किमी. अशी जोड मर्यादा घातलेला हलक्या मोटारसायकलींचा वर्ग निर्माण करण्यात आला. १९९६ मध्ये हा वर्ग १२५ घ. सेंमी. पर्यंत वाढला, तरी अठरा वर्षांखालील स्वारांसाठी ८० किमी. ची रचनात्मक मर्यादा कायम राहिली. १९ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय परवाना-वर्ग लागू झाले तेव्हा ती रद्द झाली. महामार्गावर जड मालमोटारीही जवळपास त्याच वेगाने धावतात. त्यामुळे मर्यादा घातलेला स्वार दोन मालमोटारींच्या मध्ये अडकून पडतो आणि त्याला पुढे जाता येत नाही, हा या मर्यादेविरुद्धचा मुख्य आक्षेप होता.

वेग बांधण्याच्या यांत्रिक पद्धती : कारखान्यात वेग मर्यादित करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. (१) निष्कास नळीच्या (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या) तोंडाशी अरुंद भोकाचा वॉशर बसवणे. दोन-धावी एंजिनात हा उपाय अतिशय परिणामकारक ठरतो, कारण अशा एंजिनाची शक्ती निष्कास मार्गातील दाबलहरींवर अवलंबून असते. (२) कार्ब्युरेटर व एंजिन यांमधील नळी अरुंद करणे किंवा थ्रॉटलला अटकाव लावणे. (३) पुढचे दंतचक्र लहान करून गिअर गुणोत्तर खाली आणणे. (४) प्रज्वलन-मंडलात एंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा घालणे. (५) बिनगिअरच्या स्कूटरमध्ये व्हेरिएटरच्या (गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पुळीत कडे बसवणे, म्हणजे पट्टा पूर्ण बाहेर सरकत नाही.

यांतील पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या पद्धतीतील अडथळा पाना-पक्कड हाताळणाऱ्याला थोड्या वेळात काढता येतो. गल्लीतील कोणत्याही मेकॅनिकला हे ठाऊक असते. युरोपीय संघाने १९९७ च्या निर्देशात (९७/२४) छेडछाड-प्रतिबंधाचे स्वतंत्र प्रकरण घातले, ते याचमुळे. वॉशरचा आणखी एक दोष आहे. तो कमाल वेगाबरोबर मधल्या फेऱ्यांवरील ओढही कमी करतो, म्हणून स्वाराला चढावर किंवा पुढे निघताना हाताशी काही शिल्लक राहत नाही. फेऱ्यांची मर्यादा घालण्याची पद्धत या दृष्टीने सरस आहे : मर्यादेखाली गाडी नेहमीसारखी वागते आणि मर्यादा गाठल्यावर थांबते.

शक्तीवरील मर्यादा व वेग : शक्ती निम्मी केली की वेग निम्मा होतो, असा समज पुष्कळ आढळतो, तो चुकीचा आहे. मोठ्या वेगाला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून शक्ती निम्मी केल्यास कमाल वेग सुमारे ७९ टक्क्यांवरच येतो. ब्रिटनने १९८० च्या दशकाच्या आरंभी शिकाऊ स्वारांची मर्यादा २५० वरून १२५ घ. सेंमी. व ९ किलोवॉटवर आणली. सध्याच्या युरोपीय ए-१ या परवाना-वर्गात ती १२५ घ. सेंमी., ११ किलोवॉट व दर किलोग्रॅमला ०.१ किलोवॉट अशी आहे. अशी गाडी ताशी साधारण ११० किमी. गाठते. ए-२ वर्गाची मर्यादा ३५ किलोवॉट. तिचा कमाल वेग याच हिशेबाने १६० किमी. च्या आसपास येतो. म्हणजे शक्तीवरील बंधनाने कमाल वेग फारसा बांधला जात नाही; बांधला जातो तो प्रवेग. मूठ चुकून जास्त पिळली गेली तर गाडी किती झेप घेईल, हे त्यावर ठरते आणि नवशिक्यासाठी हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील शिकाऊ-मान्य मोटारसायकल योजना याच विचारावर उभी आहे. गाडीची शक्ती, तिचे वजन अधिक स्वाराचे ९० किग्रॅ. धरून, दर टनास १५० किलोवॉटपेक्षा जास्त नसावी आणि एंजिन ६६० घ. सेंमी. च्या आत असावे, असा तिचा निकष आहे. चेन्नईत बनणारी रॉयल एन्फील्डची ३५० घ. सेंमी. ची क्लासिक (सुमारे १५ किलोवॉट, १९५ किग्रॅ.) या हिशेबात ५२ च्या आसपास येते, ६४८ घ. सेंमी. ची जुळ्या सिलिंडरांची इंटरसेप्टरही १२० च्या सुमारास राहून मान्य ठरते. याउलट सुझुकी आरजीव्ही २५० सारख्या हलक्या, दोन-धावी शर्यतीच्या धाटणीच्या गाड्या आकारमानाने लहान असूनही वर्ज्य आहेत. केवळ घ. सेंमी. मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत चित्र नेमके उलटे होते.

स्वारावरील मर्यादा व तिच्यावरील वाद : न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊ स्वाराला ताशी ९० किमी. ची मर्यादा आहे. पूर्वी ती ८० होती. व्हिक्टोरिया व क्वीन्सलंड येथे शिकाऊ स्वारासाठी वेगळी मर्यादा नाही. न्यूझीलंडमध्ये २५० घ. सेंमी. बरोबर ७० किमी. ची मर्यादा होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये शिकाऊ-मान्य योजना लागू करताना ती काढून टाकण्यात आली. १०० किमी. च्या मोकळ्या रस्त्यावर ७० ने चालणाऱ्या स्वाराला मागून येणारे वाहन सेकंदाला ८.३ मी. ने गाठते आणि १०० मी. चे अंतर १२ सेकंदांत संपते. दुचाकीवर मागून बसणारी धडक मोटारीसारखी पत्र्यावर निभावत नाही, ती थेट अंगावर येते.

फार हळू चालणारा स्वारच धोक्यात येतो, या युक्तिवादाचा आधार म्हणून अमेरिकेतील डेव्हिड सॉलोमन यांचा १९६४ चा अभ्यास वारंवार दिला जातो. सरासरीपेक्षा फार हळू चालणाऱ्यालाही अपघाताचा धोका जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. अॅडलेड विद्यापीठातील क्लोडेन, मॅक्लीन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ६० किमी. मर्यादेच्या शहरी रस्त्यांवर आणि २००१ मध्ये ग्रामीण रस्त्यांवर अपघातग्रस्त व इतर वाहनांची तुलना केली, तेव्हा हळू चालणाऱ्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. शहरात ६० च्या वर दर ५ किमी. ला जखमी होण्याइतक्या अपघाताचा धोका सुमारे दुप्पट होत गेला. सॉलोमन यांच्या आकड्यांत वळण घेण्यासाठी वा थांबण्यासाठी मंदावलेली वाहने मिसळली होती, हा आक्षेप बराचसा पटणारा आहे. परंतु अॅडलेडची मोजणी मोटारींची होती, हेही विसरता येत नाही. दुचाकीच्या बाबतीत न्यूझीलंडचा निर्णय व्यवहाराला अधिक धरून होता, असे म्हणावे लागते.

थांबण्याचे अंतर मात्र कमी वेगाच्या बाजूनेच बोलते. प्रतिक्रियेला १ सेकंद आणि नवशिक्याच्या हाताला जमणारे ६ मी. प्रति सेकंद वर्ग इतके मंदन धरल्यास ताशी ५० किमी. ला सुमारे ३० मी., ८० ला ६३ मी. आणि १०० ला ९२ मी. अंतर लागते. पुढचा ब्रेक न वापरता केवळ मागचा दाबण्याची सवय असेल तर हे आकडे बरेच वाढतात आणि आपल्याकडे ती सवय सर्रास आढळते.

अपघातांचे स्वरूप : लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास करणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या १९८१ च्या अहवालात अपघातापूर्वीचा मध्यक वेग ताशी २९.८ मैल (४८ किमी.) आणि प्रत्यक्ष धडकेचा २१.५ मैल (सुमारे ३५ किमी.) होता. अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता. पाच युरोपीय देशांत २००० च्या सुमारास तपासलेल्या ९२१ अपघातांतही बहुतेक धडका ५० किमी. च्या खालच्या होत्या आणि सुमारे निम्म्या अपघातांत मुख्य चूक दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. म्हणजे शिकाऊ स्वाराला ९० वर रोखणारा नियम त्याच्या बहुसंख्य अपघातांच्या वेगाला स्पर्शच करत नाही. त्याचा उपयोग थोड्या, पण जिवावर बेतणाऱ्या अपघातांपुरता आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तरुण स्वारांचे बळी घटले हे खरे; पण मोटारसायकल घेणारे तरुणच तेव्हा कमी झाले होते, त्यामुळे १२५ घ. सेंमी. च्या नियमाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. १९९० मध्ये तेथे रस्त्यावर येण्यापूर्वीचे प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे झाले. हर्ट यांच्या आकड्यांकडे पाहता हाच उपाय दुखण्याच्या मुळाजवळचा दिसतो.

भारत : भारतात शिकाऊ दुचाकीस्वारासाठी वेगळी वेगमर्यादा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार वाहन चालवण्याचे किमान वय १८ असून ५० घ. सेंमी. पर्यंतच्या मोटारसायकलीसाठी ते १६ आहे. येथेही आकारमान आहे, वेग नाही. लूनासारख्या (१९७२) मोपेड मुळातच मंद असल्याने महाराष्ट्रातील कॉलेजच्या मुलामुलींच्या एका पिढीला या तरतुदीचा चांगला उपयोग झाला. आता ५० घ. सेंमी. च्या गाड्या बाजारातून जवळपास गेल्या आहेत, तरतूद मात्र कायद्यात आहे. परवान्यात 'विदाउट गिअर' आणि 'विथ गिअर' हे दोनच भेद आहेत. शक्तीनुसार टप्पे नाहीत. ब्रिटन शिकाऊ स्वारांना ९ किलोवॉटवर आणत होता त्याच सुमारास, १९८३ मध्ये, भारतात सुमारे ३० अश्वशक्तीची राजदूत ३५० विक्रीस आली. आजही लर्निंग लायसन्स मिळाले की अठरा वर्षांचा मुलगा कितीही शक्तीच्या मोटारसायकलीवर बसू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ नुसार शिकाऊ चालकासोबत परवानाधारक शिक्षक असावा आणि वाहन नियंत्रित करता वा थांबवता येईल अशा जागी त्याने बसावे. पांढऱ्या, किमान १८ सेंमी. चौरस पाटीवर तांबड्या रंगात 'एल' असावा. मोटारसायकलवर शिक्षकाशिवाय इतर कोणाला बसवता येत नाही. मागे बसलेल्या माणसाचा हात ना ब्रेकपर्यंत पोचतो, ना क्लचपर्यंत. मोटारीसाठी योग्य असलेली ही अट दुचाकीवर अर्थ हरवून बसते. ब्रिटनमध्ये शिक्षक दुसऱ्या मोटारसायकलीवरून मागे येतो व रेडिओवरून सूचना देतो.

६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने दुचाकींसाठी चौपदरी महामार्गावर ८० व नगरपालिका हद्दीत ६० किमी. ही कमाल मर्यादा ठरवली. ती सर्व स्वारांना सारखी आहे. चार वर्षांखालील मूल बसवलेले असल्यास ४० किमी. ची मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने आली. मागे कोण बसले आहे यावर वेग ठरवण्याचे तत्त्व भारतीय कायद्याने असे स्वीकारले आहे. पुढे कोण बसले आहे, याला ते अद्याप लागू झालेले नाही. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरील होती.

रचनात्मक वेगमर्यादेचे भारतातील दुचाकींमधील ठळक उदाहरण म्हणजे २५० वॉट व ताशी २५ किमी. च्या आतील विजेच्या स्कूटर. त्यांना नोंदणी व परवाना लागत नाही. नियंत्रकातील मर्यादा काढून वेग वाढवलेल्या अशा गाड्यांची महाराष्ट्र परिवहन विभागाने २०२२ मध्ये तपासणी मोहीम घेतली. वॉशरच्या जागी आता सॉफ्टवेअर आले आहे.