सायलेन्सरमधलं पादेलोण

मागच्या डिसेंबरात मेहुण्याचा फोन आला, "दाजी, गाडीतनं सडक्या अंड्याचा वास मारतोय, दोन आठवडे झाले." नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात, त्यामुळे दर शनिवारी खंबाटकी चढायची, आणि गाडी म्हणजे बारा वर्षांची छोटी पेट्रोल हॅचबॅक. मी काही विचारायच्या आत पलीकडनं सासूबाईंनी फोन घेतला आणि निदान सांगून टाकलं. अमावास्येला चौकात कुणीतरी ठेवलेल्या उताऱ्यावरनं ह्याने गाडी घातली, त्यात लिंबू होतं, नारळ होता आणि अंडंही होतं, मग आता अंड्याचा वास येणार नाही तर कशाचा येणार?

तर्क बिनतोड आहे, पण तो तपासता येतो. टायरला किंवा खालच्या पत्र्याला अंडं चिकटलं असेल तर गाडी उभी असतानाही वास यायला हवा आणि दोन-तीन दिवसांत तो विरायला हवा. इथे उलटंच होतं. सकाळी स्टार्ट केल्यावर पहिली दोन-चार मिनिटं काही नाही, मग सुरू, आणि सिग्नलला थांबलं की मागनं पुढे येऊन काचेतनं आत. म्हणजे जे चाललंय ते गरम झाल्यावर चाललंय आणि सायलेन्सरकडे चाललंय. हे सगळं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग सायलेन्सरला चिकटलं असेल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फॅमिली ग्रुपवर दुसरं निदान तयार होतं, की हे इथेनॉलचं पेट्रोल आहे ना, ई-२०, त्याचाच वास. आता इथेनॉलचं सूत्र दहावीच्या पुस्तकात आहे, C₂H₅OH, त्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि बास. गंधकाचा अणूच नाही तर अंड्याचा वास कुठून आणणार? ई-२० बद्दल भांडायला एव्हरेज आहे, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आहेत, त्यावर खुशाल भांडा, पण हा गुन्हा त्याच्यावर घालू नका. तिसरं निदान गॅरेजवाल्याचं: "कॅट गेलंय (कॅट म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा), नवीन टाकायचं तर पन्नास हजारांच्या घरात, नाहीतर काढून सरळ पाइप टाकू, वास बंद." यातली गंमत अशी की पाइप टाकला की वास खरंच बंद होतो. फक्त त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड तसाच्या तसा बाहेर पडतो, आणि त्याला वास नसतो.

तर हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, H₂S. आपण म्हणतो गंधकाचा वास, पण शुद्ध गंधकाला जवळजवळ वासच नसतो. गंधक जाळलं की नाकात झोंबतो तो सल्फर डायऑक्साइड, आणि कुजक्या अंड्याचा, गटाराचा येतो तो हायड्रोजन सल्फाइड. अंडं फार वेळ उकडलं की पिवळ्या बलकाभोवती हिरवट काळसर कडा येते ना, तीही याचीच करामत, पांढऱ्यातल्या प्रथिनांमधल्या गंधकाचा H₂S होतो आणि बलकातल्या लोहाला जाऊन चिकटतो. आणि आपण तर हा वास पैसे देऊन खातो. पाणीपुरीच्या पाण्यात, जलजिऱ्यात जे काळं मीठ पडतं त्याला मराठीत पादेलोण म्हणतात, आणि हा शब्द ज्याने केला त्याचं नाक आणि विनोदबुद्धी दोन्ही शाबूत होती.

पादेलोण बनतं कसं हे नीट बघा, कारण सायलेन्सरमध्ये हेच घडतं. खनिज मिठात थोडं सोडियम सल्फेट असतं. ते मीठ कोळसा, हिरडा असल्या जिन्नसांबरोबर मडक्यात बंद करून भट्टीत तासन्तास तापवतात. आत ऑक्सिजन नाही, बाहेरनं येत नाही, उष्णता प्रचंड, मग कोळसा सल्फेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सल्फाइड राहतं. सल्फेटला वास नाही, सल्फाइडला आहे. म्हणजे तीन गोष्टी लागतात: साठलेलं सल्फेट, उष्णता, आणि ऑक्सिजनला हपापलेलं कुणीतरी. या तिन्ही गोष्टी तुमच्या गाडीखाली आहेत.

गाडीतलं मडकं म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅट. आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून आला. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट, एका चौरस इंचात सुमारे चारशे बारीक नळ्या, आणि नळ्यांच्या भिंतींवर अॅल्युमिना आणि सिरियम ऑक्साइडचा थर, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण. (इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणारी टोळी पकडल्याच्या बातम्या येतात ना, त्या टोळ्यांना पत्रा नको असतो, ही आतली "माती" हवी असते.) कॅटचं काम विचित्र आहे. अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन हवा, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायला ऑक्सिजनची टंचाई हवी, आणि दोन्ही एकाच डब्यात. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण एकास १४.७ च्या आसपास जरा इकडे जरा तिकडे असं सतत झुलवत ठेवतो, आणि सिरियम ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन ठेवून घेतं आणि कमी पडला की परत देतं, शेजारणीने वाटीभर साखर उसनी द्यावी तसं.

आता गंधक. पेट्रोलमध्ये ते थोडं असतंच. २०१० साली देशभर आलेल्या बीएस-३ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम) पेट्रोलमध्ये १५० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १५० भाग, चालायचं, २०१७ ला बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. म्हणजे एक किलो पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम. इंजिनात त्याचा होतो सल्फर डायऑक्साइड, SO₂. तो कॅटमध्ये शिरला आणि तिथे ऑक्सिजन थोडा जास्त असला की प्लॅटिनमवर त्याचा SO₃ होतो, शाळेत सल्फ्युरिक अॅसिड बनवायची स्पर्श पद्धत शिकलो होतो, हे तेच, फक्त कारखाना गाडीच्या पोटाखाली. हा SO₃ सिरियम आणि अॅल्युमिनाला चिकटून सल्फेट होऊन बसतो. गुपचूप, बिनवासाचा. किलोमीटरमागून किलोमीटर साठत राहतो.

मग मिक्श्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ऑक्सिजन संपला, सिरियमने आपली वाटी रिकामी केली, आणि कॅटमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरलाय. तो धुरातल्या पाण्याच्या वाफेशी गाठ पडून तिचा ऑक्सिजन घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो, CO + H₂O → CO₂ + H₂. हा मोकळा, पाच-सहाशे अंशाला तापलेला हायड्रोजन भिंतीवरच्या सल्फेटवर तुटून पडतो. सल्फेटमध्ये गंधकाचा ऑक्सिडेशन नंबर +६, हायड्रोजन सल्फाइडमध्ये −२, म्हणजे एका गंधकाच्या अणूला आठ इलेक्ट्रॉन मिळाले, चार H₂ रेणूंनी प्रत्येकी दोन दिले, आणि चार ऑक्सिजन पाणी होऊन गेले. मागे राहिलेल्या सल्फाइडला पाण्याच्या वाफेतला हायड्रोजन मिळाला, की H₂S बाहेर. पादेलोणच, फक्त कोळशाच्या जागी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. मला हे इतकं आवडतं की मेहुण्याला फोनवर सांगत होतो तेव्हा तो मध्येच "हॅलो? हॅलो?" करायला लागला, नेटवर्क चांगलं होतं.

दहा मिलिग्रॅमने असा कितीसा वास येणार, असं वाटेल. एक किलो पेट्रोल आणि १४.७ किलो हवा, म्हणजे धूर १५.७ किलो. त्यातलं सगळं गंधक H₂S झालं तर दर दहा लाख रेणूंमागे साधारण ०.६ रेणू, म्हणजे अब्जामागे सहाशे. आणि माणसाच्या नाकाला हा वायू अब्जामागे पाच-दहा रेणूंतही कळतो. शंभरपट पातळ झाला तरी येणार. साठलेलं सल्फेट एकदम सुटलं तर विचारूच नका. मोठ्या प्रमाणात मात्र हाच वायू नाक बधिर करतो, शंभर पीपीएमच्या पुढे वास येणंच थांबतं, ड्रेनेजमध्ये उतरलेले कामगार दगावतात त्यात याचाच मोठा हात असतो, म्हणून "वास गेला म्हणजे गॅस गेला" हे कधीही समजू नये. गाडीच्या धुरात तेवढा तो नसतो. तिथे भीती कार्बन मोनॉक्साइडची, तो रिच गाडीत भरपूर असतो, तेव्हा बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून वास हुंगत बसू नका.

म्हणजे वासाचा अर्थ "कॅट गेलं" असा नाही, "कॅट गरम आहे, जिवंत आहे आणि त्याला उपाशी ठेवलंय" असा आहे. प्रश्न विचारायचा तो: पेट्रोल जास्त का जातंय?

त्याआधी दोन गोष्टी वगळून टाका. वास बॉनेटकडनं येत असेल आणि बॅटरी गरम, फुगलेली असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी अतिचार्ज होऊन तिच्यातनंही H₂S येतो, इंजिन चालू असताना मल्टिमीटरवर पंधरा व्होल्टच्या वर दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. आणि गाडी सीएनजीची असेल तर तो वास गळतीचा असू शकतो, कारण सीएनजीला स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून गंधकाची संयुगं मुद्दाम मिसळलेली असतात, तिथे निदान वगैरे करू नका, सिलिंडरचा व्हॉल्व बंद करून लांब उभे राहा.

मेहुण्याची गाडी नुसती पेट्रोलची. पुढच्या रविवारी साताऱ्याला गेलो. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळ. एव्हरेज सतरावरून तेरावर आलेलं. चेक इंजिनचा पिवळा दिवा दिवाळीपासून लागलेला, "तो सेन्सरचा असतो, दुर्लक्ष करा" असं त्याला सांगण्यात आलं होतं, जणू सेन्सर शोभेला बसवलेत. आणि खरी गोष्ट त्याने सांगितलीच नव्हती, मला गाडीत बसल्यावर दिसली. या छोट्या गाड्यांना टेंपरेचरचा काटा नसतो, इंजिन थंड असेपर्यंत एक निळा दिवा लागतो आणि तापलं की विझतो. आम्ही तासभर फिरून आलो, निळा दिवा तसाच. रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला तर चटका बसला, आणि मोबाइलला जोडलेला स्कॅनर सांगतोय कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ३९ अंश.

हा कूलंटचा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर, थंड असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. ठराविक सेन्सर वीस अंशाला अडीच हजार ओहम, चाळीसला बाराशेच्या आसपास, ऐंशीला सव्वातीनशे. कनेक्टर काढून थेट सेन्सरच्या पिनांवर मोजलं तर अडीचशेच्या जरा वर, म्हणजे सेन्सर ठणठणीत, पाणी नव्वदच्या जवळ. मग कॉम्प्युटरला बाराशे कुठून दिसतात? कनेक्टर उलटा करून टॉर्च मारला. एका पिनेवर हिरवी पूड, पावसाळ्यातली. तांब्याच्या त्या गंजाचे नऊशे-साडेनऊशे ओहम सेन्सरच्या अडीचशेत मिळवले जात होते, आणि कॉम्प्युटर बिचारा समजत होता की इंजिन अजून गारठलंय, याला जास्त पेट्रोल पाजलं पाहिजे. दोन महिने पाजत होता.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, जुना टूथब्रश, पिन जरा आवळली. स्कॅनरवर ३९ चा आकडा सरळ ८८ वर गेला, निळा दिवा विझला, दिवाळीपासूनचा पिवळा स्कॅनरने पुसला तो परत लागला नाही.

पुढच्या शनिवारी खंबाटकी चढून मेहुण्याचा मेसेज, "दाजी घाटात वर पोचताना परत आला वास, पाच सेकंद." त्याला लिहिलं की आला तर येऊ दे, चढावर पाय पूर्ण दाबलास की कॉम्प्युटर स्वतःहून मिक्श्चर रिच करतो, इंजिनातली उष्णता आवरायला, आणि आठवडाभर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये साठलेलं सल्फेट तेवढ्यात बाहेर पडतं. सलग दोन-चार मिनिटं आला तर फोन कर.